गिअरचं तेल आणि अकोल्याचे शनिवार

गाडी पुढे जायची थांबली आणि मागे यायला लागली.

इंजिन ओरडत होतं. यांचा उजवा पाय पार खाली गेलेला मला दिसत होता. तरी खिडकीबाहेरचं सागाचं झाड, जे एव्हाना आमच्या मागे पडायला हवं होतं, ते हळूहळू पुढे निघालं होतं. आधी मला वाटलं माझेच डोळे फिरले. मग मागच्या सीटवरून माझ्या मोठ्या बहिणीने विचारलं, "काहून वं, मागं काहून जाऊन राहिलो आपन?"

चिखलदऱ्याचा घाट होता. परतवाडा सोडून अर्धा तास झाला असेल. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला, म्हणजे मी बसले होते त्या बाजूला, दरी. कठडा मागच्या वळणावर संपला होता.

यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. "पार्कात टाक," हे म्हणाले. आमच्या गाडीत गिअरचा दांडा हलवायचं काम माझं असे. ते का, ते पुढे सांगते. मी दांडा वर ढकलला. नीट पाहिलं नाही. तो शेवटपर्यंत गेला नाही, एक घर अलीकडेच राहिला. यांना वाटलं गाडी जागेवर बांधली गेली, म्हणून त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

एक घर अलीकडे म्हणजे मागे जायचा गिअर. पुढचे गिअर घसरत होते, हा मात्र चांगला पकडत होता. गाडी सोडलेल्या वासरासारखी मागे धावली. डावं मागचं चाक डांबर सोडून खडीत उतरलं, गाडी माझ्याकडे कलली, आणि खिडकीतून मला सागाचे शेंडे दिसले. झाडाचा शेंडा वरून पाहायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती.

यांनी पुन्हा ब्रेक मारला. गाडी तशीच तिरपी थांबली.

आता आधीचं सांगते.

माझ्या नवऱ्याचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. लग्न ठरताना मला सांगितलं होतं की पाय जरा उणा आहे. जरा नव्हता. डावा हात गुडघ्यावर दाबून ते पाऊल टाकायचे, अजूनही तसंच टाकतात. पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, ती सगळी दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर मिळते, ती त्यांनी कधी घेतली नाही. म्हणायचे, "लोकं पयले चाकं पायतात, मंग मानूस."

निवृत्त झाल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं की क्लच नसलेली गाडी असते, तिला डावा पाय लागतच नाही. महिनाभर ते त्याच एका गोष्टीबद्दल बोलत होते. मग कोणाची तरी वापरलेली, बऱ्यापैकी चाललेली गाडी त्यांनी घेतली. बडनेऱ्याच्या बाजूला एक ले-आउट पडलेलं होतं, नुसते प्लॉटचे दगड, घर एकही नाही. तिथे रोज सकाळी शिकायला जायचे. मी शेजारी बसायची, कारण त्यांनी एकट्याने गेलेलं मला चालत नव्हतं.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी शिकणारा माणूस रस्त्यावरची नजर काढत नाही. दांडा कुठे आहे ते पाहायला मान खाली घातली की गाडी दगडावर जायची. शेवटी हे म्हणाले, "मी रस्ता पायतो, तू दांडा पाय." इंग्रजी पाचवीपासून होतं आणि माझी शाळा चौथीत संपली, त्यामुळे मी ती चार अक्षरं आकारावरून धरली. सगळ्यात वर उभी पळी, तिच्याखाली पाय फाकलेली पळी, मग दोन खांब आणि मधे तिरपी काठी, आणि खाली अर्धी भाकर. अर्धी भाकर म्हणजे पुढे जायचं. परवाना काढायला साहेब शेजारी बसला तेव्हा यांनी स्वतःच सगळं केलं आणि पास झाले. पण आम्ही दोघं असलो की दांडा माझाच. हे "हं" म्हणायचे, मी टाकायची. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं एवढं जमलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

आणि त्या गाडीमुळे मला माझी बहीण परत मिळाली.

ती अकोल्याला दिलेली, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमची आई शेतात जायची, म्हणून मला हिनेच वाढवलं. मी तिला बाई म्हणते. तिचं लग्न झालं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते, आणि पुढची पन्नास वर्षं आम्ही वर्षातून एक-दोनदा भेटलो. लोक म्हणतील, अमरावती-अकोला काय लांब आहे. लांब नाही. पण बडनेऱ्याच्या स्टेशनावरचा पूल यांना चढवत नव्हता, एसटीच्या पायऱ्या त्याहून वाईट, आणि यांना एकटं ठेवून मी कुठे राहायला गेले नाही. गेले असते तर हे काही बोलले नसते. मीच गेले नाही.

गाडी आल्यावर आम्ही एक शनिवार सोडून एक शनिवार अकोल्याला जायला लागलो. सातला निघायचं, मूर्तिजापूरला चहा, साडेनऊला तिच्या दारात. तिचा नवरा वारलेला, मुलगा बाहेरगावी, घरात ती एकटी. गाडीचा आवाज आला की ती दारात येऊन म्हणायची, "ये पोट्टे, किती उशीर." मी तेव्हा साठीला आलेली. माझ्या घरात मला सगळे आजी म्हणतात, दुकानदार मावशी म्हणतो, डॉक्टर माताजी म्हणतो. पोट्टी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते नव्वद-शंभर किलोमीटरवर होतं.

तिथे आम्ही काही विशेष करत नव्हतो. ती ज्वारीच्या कण्या शिजवायची, मी ताक घुसळायची. दुपारी ती माझं डोकं पुढ्यात घेऊन वेणी घालायची. केस राहिले नव्हते, पण तिने घालणं सोडलं नाही. वेणी घालताना माझ्या संसारातल्या चुका काढायची, त्याही चाळीस वर्षांपूर्वीच्या. मी तिच्या काढायची. चारला निघायचं. साडेसहाच्या सुमारास घरी. पुढचे तेरा दिवस मी कोणाशी फार भांडत नसे, असं हे म्हणतात.

एक सांगायला हवं. बायकोची मोठी बहीण म्हणजे आमच्याकडे आकडसासू. तिचा मान सासूचा. जावई तिच्याशी थेट बोलत नाही, ती जावयासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. आता हे कोणी पाळत नाही, पण या दोघांनी पाळलं. एका गाडीत बसून दोघं माझ्यामार्फत बोलायची.

"जावयाले म्हन, गाडी जरा हळू हाका."

"तुह्या बाईले सांग, चाळीसवर हाय गाडी."

"जावयाले म्हन, मले साठ वाटून राहिली."

मी काहीच सांगत नसे. दोघांनाही ऐकू येत होतं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी गाडी एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना धक्का द्यायला लागली, आणि कधी कधी सिग्नलवरून उठताना क्षणभर विचार करायची. आमच्या अमरावतीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं. गिअरच्या तेलाची एक पट्टी असते, ती ओढून पांढऱ्या फडक्याला पुसली. मिस्त्री म्हणाला, हे तेल नवं असताना लाल असतं, सरबतासारखं. फडक्यावर निघालं ते उकळून उकळून ठेवलेल्या चहाच्या रंगाचं.

"मंग बदलाचं का?" मी विचारलं.

"माताजी, छेडो मत," मिस्त्री म्हणाला. "जुनी गाडी आहे. मागच्या मालकाने कधी बदललंय का, मालूम नाही. आतमधे जो गाळ बसला आहे, त्याच्यावरच गिअर पकडून राहिले. नवं तेल टाकलं की गाळ सुटतो. मग गिअर फिसलतात. चलते चलते चलने दो."

यांनी ते वाक्य उचललं. चालते आहे ना, मग हात लावायचा नाही.

पुढच्या शनिवारी बाईच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं, तिथल्या माणसाला मी गाडी दाखवली. त्याने तीच पट्टी काढली, हुंगली, आणि मला हुंगायला दिली. म्हणाला, "काकू, वास पाहा. हे जळालं आहे. सगळं एकदम काढू नका, गाडी घाबरते. खालचा बूच उघडला तर निम्मंच निघतं. तेवढंच नवं भरा, महिनाभर चालवा, परत निम्मं काढा. आणि तोवर घाटात नेऊ नका. सपाटीवर चालेल."

मला ते पटलं. विरजण आपण असंच टिकवतो, सगळं ताक फेकून नवीन दही कोणी लावत नाही. बाईही मागून आली होती. तिने पट्टी हुंगली आणि म्हणाली, "या तेलात मी भजे नसते तळले. जावयाले म्हन, हे फेका."

हे गाडीत बसून होते. "तुह्या बाईले सांग, थे भज्याचं तेल नोहे."

"मंग काय डोक्याले लावाचं हाय?"

परतीच्या वाटेवर यांनी मूर्तिजापूरला गाडी थांबवली. मग म्हणाले, "अकरा वर्षांचा होतो मी." एवढं म्हटल्यावर मला पुढचं माहीत होतं. अकरा वर्षांचे असताना यांच्या वडिलांना कोणीतरी सांगितलं की नागपूरला ऑपरेशन करून पाय सरळ करतात. तोवर हे गुडघ्यावर हात ठेवून शाळेत जात होते, पेरूच्या झाडावरही चढत होते. ऑपरेशन झालं, सहा महिने प्लास्टरमध्ये गेले, आणि प्लास्टर निघालं तेव्हा पाय सरळ झाला होता पण दोन बोटं आखूड झाला होता आणि त्यात होता तो जोरही गेला होता. पेरूच्या झाडावर ते परत चढले नाहीत. तेव्हापासून चालत्या वस्तूला हात लावू देत नाहीत. आमच्या घरातला पंखा, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, कशालाही नाही. पाय गेला तसा गिअर गेला तर आपण पुन्हा दुसऱ्याच्या मागे बसायचं, हे त्यांच्या मनात होतं. दुसरी गाडी घेण्याची आमची ताकद नव्हती.

मी गप्प बसले. लोकांना मी सांगते की नवऱ्याचं मन राखायला गप्प बसले. ते खरं नाही. अकोल्याच्या माणसाने सांगितलं होतं की आतली तेल गाळायची जाळी बदलावी लागेल, ती नागपुरातून मागवावी लागेल, गाडी आठ-दहा दिवस ठेवावी लागेल. म्हणजे एक शनिवार जाणार. मला एकही शनिवार द्यायचा नव्हता. मी पोथीतली सावित्री नाही. मला माझी बहीण हवी होती, आणि जळक्या तेलाचा वास नाकात असून मी सहा महिने काही बोलले नाही.

चिखलदऱ्याचं बाईनेच काढलं. "सारी जिंदगी गेली, चिखलदरा पायला नाई. लोकं मुंबईवरून येतात पायाले." ती तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. एका शनिवारी आम्ही तिला अमरावतीला आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाला लागलो. घाटात नेऊ नका हे अकोल्याच्या माणसाचं वाक्य आम्हा तिघांनाही पाठ होतं. हे म्हणाले, "मिस्त्रीले विचारलं मी, थो हासला." बाई म्हणाली, "जावयाले म्हन, गाडी त्यायची हाय." मी डबा बांधला.

आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं.

गाडी तिरपी उभी होती. यांचा पाय ब्रेकवर. एकच पाय होता तो, आणि तो थकला असता तर बदली द्यायला दुसरा नव्हता. "दांडा," हे म्हणाले. या वेळी मी पाहिलं. पाय फाकलेल्या पळीवरून दांडा उभ्या पळीवर नेला. आत कुठेतरी कट् असा आवाज झाला. तरी यांनी पाय काढला नाही.

मग ते मागे न वळता म्हणाले, "बाई, तुमी उतरा. उजव्या दारानं. हळू."

तोवर कधी ते तिच्याशी थेट बोलले नव्हते. बाईलाही क्षणभर कळलं नसावं की हे आपल्यालाच आहे. मग ती म्हणाली, "अन् तुमी, जावई?"

"माह्या पायाखाली गाडी हाय. मी नाई उतरत."

"अन् ही पोट्टी?"

"तिच्या दाराखाली जमीन नाई. तुमी उतरा, चाकामागं गोटे लावा. मोठे पाहून लावा."

सत्तरी ओलांडलेल्या बाईने लुगड्याचा काचा खोचला आणि डोंगराच्या बाजूचे दगड आणायला लागली. मला आरशात दिसत होती. दोन्ही हातांत दगड, पोटाशी धरलेला, आणि डोक्यावरचा पदर जागच्या जागी. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, जावई आरशातून पाहून राहिले होते ना. चार दगड झाल्यावर ती ओरडली, "जावई, आता सोडून पाहा."

"अजून दोन लावा, बाई."

तिने अजून तीन लावले. तेवढ्यात वरून एसटी उतरली. ड्रायव्हरने गाडी आडवी लावली, वाहक आणि आठ-दहा उतारू उतरले, मी दांडा दोन खांबांवर आणला आणि त्यांनी मागून रेटून आमची गाडी डांबरावर आणली. मला हाताला धरून बाहेर काढलं.  एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, गाडी गरम झाली. अर्धा तास थांबा, मंग वर जाऊ नका, खाली या. बारक्या गिअरात." आणि गेला.

आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. बाईने पदराने तोंड पुसलं. मग थेट यांनाच विचारलं, "जावई, मागं काहून धावली ती? थांबली होती ना?"

मी तोंड उघडलं. मी सांगणारच होते की दांडा माझ्या हातून चुकला. घसरली ती तेलाने, पण धावली ती माझ्या हाताने, आणि ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. बाईची जीभ मला माहीत आहे. तिने मला त्याचं उभ्या जन्मात विसरू दिलं नसतं, आणि परत पुढच्या सीटवर बसू दिलं नसतं.

"तेल, बाई," हे म्हणाले. "जळकं तेल होतं. तुमी सांगतलं होतं, त्या गॅरेजवाल्यानं सांगतलं होतं. मी आयकलं नाई. माही चूक."

"मंग आता?"

हे हात गुडघ्यावर दाबून उभे राहिले. "आता बदलतो," म्हणाले.

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पानी दे." तेवढंच. मी पाणी दिलं.

आकडसासूसमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. दुसऱ्याच आठवड्यात गाडी अकोल्याच्या गॅरेजात गेली. तो माणूस खाली घुसला, बूच उघडला आणि घमेल्यात काळं तेल पडायला लागलं. हे शेजारी उभे, हात गुडघ्यावर. त्यांच्या तोंडाकडे मला पाहवलं नाही. मी घमेल्याकडे पाहत राहिले. शेवटचे थेंब पडायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्यालाच माहीत. मी त्यांना म्हटलं, "मी सांगू का बाईले, खरं?" ते म्हणाले, "काय खरं? तेल नव्हतं का जळकं?"

जाळी यायला नऊ दिवस लागले. तो शनिवार गेला. महिन्याने पुन्हा निम्मं काढलं, ते जरा तपकिरी निघालं. त्यानंतर गाडी अशी चालली की मला दांडा टाकल्याचंसुद्धा कळत नव्हतं. हे खुशीत होते, मूर्तिजापूरच्या चहाला दोन कप घ्यायचे. बाईशी थेट बोलायचे, घाटापासून ते सुरू झालं ते सुरूच राहिलं. "बाई, हळू हाकू का?" "हाका तशीच, जावई." मला दोघांच्या मधे काही कामच उरलं नाही. त्या दिवसांत मला जे सुख होतं ते मी तेव्हा मोजलं नाही. वाटलं, आता तेल नवं आहे, चालेल.

पाच महिने चालली. मग एका शनिवारी मूर्तिजापूर सोडल्यावर पुढचे गिअर गेले ते गेलेच. इंजिन चालू, गाडी उभी. सपाट रस्ता होता, काही झालं नाही, दुसऱ्याच्या गाडीला बांधून परत आणली. अमरावतीचा मिस्त्री म्हणाला, "मैं बोला था, छेडो मत." अकोल्याचा म्हणाला, "उशीर झाला होता, काकू, घाटातच जळाली होती ती." दोघंही माझ्याकडे असं पाहत होते की मी निकाल द्यावा. नवीन गिअर बसवायचा म्हणजे गाडीच्या निम्म्यावर जात होतं. गाडी भंगारवाल्याने नेली. यांनी चावी दिली आणि आत जाऊन पंखा लावला.

जुनी गाडी घेणारे कोणी कोणी मला विचारतात, आमची गोष्ट माहीत आहे म्हणून. मी सांगते, घेतल्याबरोबर पट्टी हुंगा. तेल लाल असेल तेव्हाच निम्मं निम्मं करून बदला, आणि बदलत राहा. जळका वास यायची वाट पाहू नका. वास आला असेल तर बदला किंवा नका बदलू, ती जायची तेव्हा जाईल, फक्त घाटात नेऊ नका. मागच्या सीटवर तुमचं कोणी बसलेलं असतं.

त्याला आता चार वर्षं झाली. मुलगा पुण्याहून म्हणतो, टॅक्सी करून जात जा. दोनदा गेलो. टॅक्सीवाला अंगणात उभा राहून घड्याळ पाहतो. बाईची निम्मी वेणी झाली की तो हॉर्न मारतो. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. नंतर बाई न्हाणीत पडली, खुबा मोडला, आता ती काठीने दारापर्यंत येते, पुढे नाही. माझे गुडघे गेले. यांना डोळ्यांनी कमी दिसतं. रस्ता म्हणे आता फार चांगला झाला आहे, दीड तासात अकोला. लोक मला हे कौतुकाने सांगतात. दीड तास.

फोन रोज होतो. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून दोघी ओरडतो आणि थोडंच बोलतो. शुक्रवारी ती न चुकता म्हणते, "ये ना वं पोट्टे उद्या." मी म्हणते, "येतो." तिलाही माहीत आहे, मलाही. तरी शनिवारी मला पाचला जाग येते, आणि सात वाजेपर्यंत मी कोणत्याच कामाला लागत नाही. सात वाजून गेले की लागते.

दांड्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं तिला कोणी वाचून दाखवलं तर कळेल. मग तिला जे म्हणायचं ते तिने म्हणावं, पण समोर बसवून म्हणावं, फोनवर नाही.

त्या दिवशी घाटात गाडीत आम्ही तिघं होतो, हे, बाई आणि मी. तिघंही वाचलो, आणि तिघंही अजून आहोत.